धोका मोजायचा कोणी?

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



आपल्या चिटणीसांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "दरड आणि पूर." ते जरा घुटमळले. वर्षावासात धम्मावर बोलावे अशी प्रथा आहे, असे त्यांनी अगदी नम्रपणे सुचवले. त्यांचे म्हणणे योग्यच आहे. पण बंधूभगिनींनो, वर्षावास हा शब्दच पावसाचा आहे. पावसाळ्यात वाटा बुजतात, ओढे भरतात, शेते नुकती उगवलेली असतात, म्हणून भिक्खूंनी तीन महिने एका जागी राहावे असा नियम झाला. विनयपिटकातील महावग्गात हे सारे आले आहे. तिथे एवढेच सांगून थांबलेले नाहीत. उघड्यावर वर्षावास करू नये, झाडाच्या ढोलीत करू नये, छत्रीखाली करू नये, असे सांगितले आहे. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, भिक्खूचे निवासस्थान पाण्याने वाहून गेले किंवा गाव पुरात गेले, तर वर्षावास मोडून तिथून निघून जाण्याची मुभा आहे, त्यात दोष नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाने नियम करताना जागेचा धोका विचारात घेतला होता. मग आपण आपली घरे आणि आपले विहार बांधताना तो घेऊ नये काय?

आजच्या सभेला आलेल्या बहुतेकांचे मूळ गाव रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, महाड आणि पोलादपूर तालुक्यांत आहे. आपण मुंबईत राहतो, गणपती-शिमग्याच्या सुट्टीत, मे महिन्यात आणि २० मार्चला महाडला जातो. पावसाळ्यात गावाला कोण असते? आईवडील असतात, लहान मुले असतात, शेती बघणारा एखादा भाऊ असतो. दरडीच्या दिवसांत वाडीत नेमकी तीच माणसे असतात ज्यांना पळता येत नाही. ही गोष्ट प्रथम मनात पक्की करून पुढे जाऊ.

गेल्या काही वर्षांचा हिशेब पाहा. २५ आणि २६ जुलै २००५ या दोन दिवसांत महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या आणि शंभराहून अधिक माणसे मातीखाली गेली. त्याच पावसात मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, म्हणून देशाला मुंबईचा पूर आठवतो, जुई फारशी कोणाला आठवत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल वाहून गेला, त्यात एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या आणि महाड शहर पाण्यात होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली. अठरा-एकोणीस वर्षांत एका जिल्ह्यात एवढे! याला अपवाद कसे म्हणावे?

आता इर्शाळवाडीसंबंधी एक गोष्ट. ती ठाकर बांधवांची वाडी, इर्शाळगडाच्या उतारावर, जिथे गाडीरस्ता पोहोचत नव्हता. दुर्घटनेनंतर सरकारनेच विधानसभेत सांगितले की, दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. मी त्यात कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. यादी म्हणजे काय आणि ती कशी होते, हे आपण समजून घ्यावे म्हणून सांगतो. यादी पुष्कळदा महसुली गावाच्या नावाने चालते. एका महसुली गावात सात-आठ वाड्या असतात, त्या दीड-दोन मैलांवर विखुरलेल्या. गाव यादीत आले म्हणजे आपली वाडी आली असे नाही आणि गाव नाही म्हणून वाडीला धोका नाही असेही नाही. बौद्धवाडी तर पुष्कळ गावांत कडेलाच. कागदावर कडेची वस्ती आधी विसरली जाते, हा आपला जुना अनुभव आहे.

धोका मोजणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांसाठी सोप्या शब्दांत सांगतो. यात तीन प्रश्न असतात. काय येऊ शकते आणि किती वेळा? ते आले तर त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे? आणि वाटेत असलेल्यांची सोसण्याची, सुटण्याची, पुन्हा उभे राहण्याची ताकद किती? ओसाड डोंगर कोसळला तर ती भूगोलाच्या पुस्तकातली घटना. त्याच्याखाली चाळीस घरे असली तर ती आपत्ती. आणि त्या चाळीस घरांपैकी पक्के घर असलेला, महाडला दुसरी खोली असलेला, विमा असलेला माणूस सहा महिन्यांत सावरतो, मजुरीवर जगणारी विधवा बाई दहा वर्षांत सावरत नाही. पाऊस दोघांवर सारखाच पडला, पण धोका सारखा नव्हता. माझ्या मते तिसरा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सरकारी कागदांत सर्वांत कमी जागा त्यालाच मिळते.

संकट बदलले की धोक्याचे गणितही उलटते, हे किल्लारीने दाखवले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, माणसे थकून घरात झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. ती कशाखाली गेली? मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून घातलेला मातीचा जाड थर, त्याखाली. ती घरे गावात प्रतिष्ठेची मानली जात. ज्यांना तसे घर परवडत नव्हते, ज्यांची कुडाची किंवा पत्र्याची हलकी छपरे होती, त्यांच्यावर कोसळण्यासारखे वजनच नव्हते. तीच झोपडी पुरात पहिली वाहून जाते आणि वादळात पहिली उडते. म्हणून "आमचे घर मजबूत आहे" हे वाक्य अपुरे आहे. कशासमोर मजबूत?

किल्लारीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मात्र १९९२ पासून तिथल्या लोकांना धक्के जाणवत होते. नकाशा एक सांगत होता आणि पायाखालची जमीन दुसरे. २००२ मध्ये देशाचा नकाशा सुधारला तेव्हा त्या भागाचा पट्टा वर चढला. भगवान बुद्धांच्या धम्माचे एक विशेषण एहिपस्सिक आहे. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. नकाशालाही हेच लागू करावे. नकाशा वाचावा, त्याचा मान ठेवावा आणि मग जाऊन पाहावे.

संकट म्हणजे देवाचा कोप, असे म्हणणारे आजही आहेत. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे म्हटले आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. गांधीजींचा हेतू आपल्या बाजूचा असेल, तरी त्यातले तर्कशास्त्र आपल्याला परवडणारे नाही. शिक्षा अस्पृश्यता पाळणाऱ्यांना होती, तर भिंतीखाली अस्पृश्यही का मेले? प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की कारण असल्याशिवाय कार्य होत नाही. कारण शोधा, ते दूर करता येते का पाहा, येत नसेल तर तुम्ही बाजूला व्हा. डोंगराला पाप-पुण्य कळत नाही. त्याला वजन कळते, उतार कळतो आणि पाणी कळते.

तर आपल्या डोंगराचे पाहू. सह्याद्रीचा खडक काळा, थरांवर थर असलेला. त्यावर मुरूम आणि लाल माती, कुठे दोन हात तर कुठे दोन पुरुष खोल. उन्हाळ्यात ती माती कोरडी आणि घट्ट असते. जून-जुलैत ती भिजते, जड होते. पाणी खाली मुरत मुरत खडकापर्यंत पोहोचते आणि तिथे अडते, कारण खडक पाणी पीत नाही. मग माती आणि खडक यांच्यामध्ये पाणी साठते, दाब वाढतो आणि मातीची खडकावरची पकड सुटते. म्हणून दरड पहिल्या पावसात क्वचित येते. आधी आठ-पंधरा दिवस सारखी झड लागून डोंगर तृप्त झालेला असतो आणि मग एका दिवसात जबरदस्त पाऊस होतो, तेव्हा ती येते. हवामान खाते चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर त्याला अतिमुसळधार म्हणते. २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री उगम पावते ती तिथेच. ते पाणी खाली आले, महाडजवळ काळ आणि गांधारी यांचे पाणी त्यात मिळाले, आणि पुढे बाणकोटच्या खाडीत भरती असली की हे सारे पाणी समुद्रात उतरत नाही, मागे तटते. म्हणून महाडचा पूर समजायला पावसाबरोबर भरतीचे कोष्टकही पाहावे लागते. महाडच्या जुन्या लोकांना हे पुस्तक न वाचता ठाऊक आहे.

दरड येण्याआधी डोंगर पुष्कळदा खुणा दाखवतो. वरच्या माळावर धनुष्याच्या आकाराची भेग पडते आणि ती दर पावसाळ्यात रुंदावते. सरळ वाढलेली झाडे किंवा विजेचे खांब कलतात. एरवी निवळ असणारा झरा अचानक गढूळ होतो, किंवा जिथे कधी पाणी नव्हते तिथे जमिनीतून पाणी फुटते. भर पावसात पऱ्याचे पाणी एकाएकी कमी झाले तर ती सर्वांत वाईट खूण, कारण वर कुठेतरी माती पडून पाणी अडले आहे आणि ते केव्हाही सुटेल. घरातली दारे अडकू लागतात, जोत्याला तडे जातात. या खुणा सर्वांत आधी कोणाला दिसतात? पाणी भरणाऱ्या, लाकूडफाट्याला आणि गुरांमागे वर जाणाऱ्या बायकांना. पण ग्रामसभेत खुर्चीवर आम्ही पुरुष बसतो आणि झऱ्याबद्दल बोलतो! या बाबतीत महिला मंडळाने पुढाकार घ्यावा अशी माझी विनंती आहे, आणि ती शोभेची नाही.

माळीणचे उदाहरण विसरू नका. ३० जुलै २०१४, पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुका. रोजच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही आणि त्यामुळे बाहेरच्या जगाला कळले. १५१ माणसे गेली. गाव गेल्यावर खबर द्यायला गावात कोणी उरत नाही. म्हणून शेजारच्या वाडीने रोज सकाळ-संध्याकाळ खबर घ्यायची व्यवस्था असावी. त्याला पैसा लागत नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित. "शंभर वर्षांत एकदा येणारा पूर" असे अभियंते म्हणतात. लोक समजतात, २०२१ ला येऊन गेला, आता आपल्या नातवांना बघायचा. तसा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, असा त्याचा अर्थ आहे. एका वर्षी न येण्याची शक्यता ९९ टक्के. पन्नास वर्षे सलग न येण्याची शक्यता काढायची तर ०.९९ ला ०.९९ ने पन्नास वेळा गुणत जा, उत्तर साधारण ०.६० येते. म्हणजे पन्नास वर्षे टिकावी म्हणून बांधलेल्या इमारतीने तो पूर पाहण्याची शक्यता शंभरात चाळीस. आणि पंचवीस वर्षांतून एकदा येणारे संकट असेल तर पन्नास वर्षांत ते गाठण्याची शक्यता शंभरात सत्त्याऐंशी. शिवाय हे गणित कालचा पाऊस उद्याही तसाच राहील असे धरून केलेले आहे. तो तसा राहिलेला नाही, हे आपण पाहतच आहोत.

हे पन्नास वर्षांचे गणित मी का सांगितले ते आता सांगतो आणि इथे मला थोडे कटू बोलावे लागेल. आपण सगळे जाणता की, मंडळाने वाडीत नवा विहार बांधण्याचे ठरवले आहे. गेली काही वर्षे आपण वर्गणी जमवतो आहोत. कोणी ओव्हरटाइमचे पैसे दिले, कोणी आईच्या स्मरणार्थ दिले. जागा एका ज्येष्ठ उपासकांनी दान दिली आहे. ते इथे समोर बसले आहेत. त्यांच्या दानाबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि मी जे बोलणार ते त्यांना मी आधी घरी जाऊन सांगितले आहे.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या मंडळाचे काही विद्यार्थी आणि मी वाडीत घरोघर फिरलो. आम्ही वही घेऊन गेलो होतो. घरात माणसे किती, त्यांतली साठीच्या वरची किती, पाच वर्षांखालची किती, चालता न येणारे कोण, बाळंतीण कोण, भिंत कशाची, छप्पर कशाचे, मागची भिंत डोंगर कापून तर बांधलेली नाही ना, रात्री बाहेर पडायचे तर वाट कोणती, तिच्यावर पऱ्या आडवा येतो का, घरात फोनला रेंज कुठे मिळते, हे सारे लिहून घेतले. सरकारी नकाशात यातले काहीच सापडत नाही. पुराचे पाणी कुठपर्यंत आले होते ते लोकांनी भिंतीवर हात ठेवून दाखवले. माझे म्हणणे असे की त्या हातांच्या जागी रंगाने रेघ मारून साल लिहावे. दहा वर्षांनी ती रेघ एखाद्या इंजिनीअरच्या उपयोगी पडेल.

वाडीतल्या एका म्हाताऱ्या आजींनी विहाराच्या जागेकडे बोट दाखवून म्हटले, "बाबा, आमच्या सासूबाई सांगायच्या, पऱ्या पहिला इकडून व्हायचा." आम्ही ते लिहून घेतले. मग जागेवर गेलो. पायाच्या चाचणीसाठी खणलेला खड्डा होता. त्यात पाहिले तर लाल मातीत लहानमोठे धोंडे मिसळलेले, काही गुळगुळीत, काही टोकदार, कशाचाच थर नाही, सगळे एकत्र कालवल्यासारखे. जागेवर झिजून तयार झालेली माती अशी नसते. हा वरून एका झटक्यात आलेला माल होता. डोंगराच्या उतारावर, पऱ्याच्या तोंडाशी, एवढी सपाट जागा आली कुठून, हा प्रश्न आम्हांला आधी पडायला हवा होता. तशी जागा पऱ्याच करतो. वरचा माल आणून तिथे पसरतो आणि मग काही वर्षे दुसऱ्या बाजूने वाहतो. सपाट असते म्हणून माणूस तिथे बांधतो. पऱ्याला मात्र ती वाट आठवते.

काही बांधव म्हणतात, आमच्या आठवणीत तिथे काही झालेले नाही. खरे आहे. पण माणसाची आठवण साठ-सत्तर वर्षांची असते आणि खड्ड्यातल्या धोंड्यांची त्याहून फार जुनी. कोणी म्हणतात, संरक्षक भिंत घालू. भिंत ओढ्याच्या पाण्याला थोपवील, पण मोटारीएवढ्या धोंड्यासकट येणाऱ्या चिखलाला ती थोपवील असे मी सांगू शकत नाही. आणि विहार म्हणजे फक्त मूर्ती आणि घंटा नव्हे. पुरात, वादळात वाडीतली माणसे कुठे जाणार? पक्की आणि मोठी इमारत ती एकच असेल. म्हणजे नेमक्या त्या रात्री, नेमक्या त्या जागी, आपण सगळ्या वाडीला गोळा करू. माझी झोप उडाली ती या विचाराने.

दुसरी जागा आहे. शाळेच्या वरच्या अंगाला, रस्त्यालगत, जिथे खडक उघडा दिसतो तो टेकाड. ती लहान आहे, विकत घ्यावी लागेल आणि तिथला मालक आपल्या समाजाचा नाही. बोलणी सोपी नाहीत हे मलाही कळते. शिवाय कोनशिलेची तारीख ठरली आहे, पाहुणे ठरले आहेत. मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. म्हणून माझी सूचना एवढीच होती की, माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण जाणकाराने जागा पाहिल्याशिवाय कुदळ मारू नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण दरडींच्या जागा तपासते. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तशी मागणी करता येते.

या संदर्भात कायदा काय सांगतो ते विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते. कलम ३१ प्रमाणे जिल्ह्याची योजना करावी लागते, ती स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून, आणि जिल्ह्यातील कोणता भाग कोणत्या आपत्तीला बळी पडू शकतो हे तिच्यात असावे लागते. ती दर वर्षी सुधारायची असते. म्हणजे आपली वाडी त्यात नसेल तर ती घाला असे म्हणण्याची संधी दर वर्षी आहे. ग्रामसभेचा ठराव, आपली घरोघरची वही, भेगांचे फोटो तारखेसह, एवढे जोडून अर्ज करावा आणि पोच घ्यावी. पोच घ्यायला विसरू नये. आणि कलम ६१ पाठच करा: मदत आणि नुकसानभरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम कायद्यात उगीच आलेले नाही. २००१ च्या गुजरात भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूत, मदतीत दलितांना मागे ठेवल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. अन्नछत्रात आणि पाण्याच्या टँकरपाशी जात विचारली गेली. १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्याचा जो प्रश्न होता, तो पूर ओसरल्यावर पुन्हा डोके वर काढतो.

मदत मिळण्यात आपल्या माणसांची आणखी एक अडचण म्हणजे कागद. घर आजोबांच्या नावावर, किंवा जमीन दुसऱ्याची आणि घर आपले, किंवा घरपट्टीच्या उताऱ्यावर नावच नाही. घर गेल्यावर हे सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती मुंबईतल्या नातेवाइकाकडे ठेवाव्यात. आपले मंडळ गाव आणि मुंबई अशा दोन पायांवर उभे आहे, त्याचा उपयोग इथे आहे. गावाला रेंज गेली तर मुंबईची शाखा १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकाशी पाठपुरावा करू शकते. मुंबईहून लावताना जिल्ह्याचा एस.टी.डी. कोड आधी लावावा लागतो, तो आजच लिहून भिंतीवर चिकटवा.

बाबासाहेबांनी नद्यांचा विचार किती खोल केला होता हे आपल्या तरुणांना फारसे माहीत नसते. १९४३ च्या दामोदर नदीच्या पुराने बंगालचे रेल्वेमार्ग तुटले होते. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि नदीचे खोरे एकक धरून पूर, सिंचन, वीज यांचा एकत्र विचार मांडला गेला. पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे १९४५ च्या, कटकला महानदीबद्दल बोलताना त्यांनी अधिक पाणी हेच संकट आहे हा समज खोडून काढला होता. पाण्याच्या अभावाने माणसाचे हाल अधिक होतात, असे त्यांचे म्हणणे होते. मोठ्या धरणांबद्दल आज आपली मते वेगळी असू शकतील, आणि असावीतही, पण पुराकडे कोप म्हणून न पाहता कारणे आणि उपाय म्हणून पाहायची ती दृष्टी आपण घेतलीच पाहिजे.

आणखी एक आठवते. गावकीच्या जुन्या व्यवस्थेत शिवेचा वाद झाला की महाराची साक्ष घेत. शिवार कुठे संपते, ओढा कुठून वळला, कोणता दगड कोणत्या पिढीत सरकला, हे त्याला ठाऊक असे. ते ज्ञान आमच्याकडून वेठीने वसूल केले गेले आणि त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. पण ज्ञान खरे होते. आजींचे वाक्य त्याच परंपरेतले होते. आता ते आपण स्वतःसाठी वापरू या.

कार्यकारिणीने माझे म्हणणे ऐकून घेतले याबद्दल मी आभारी आहे. कोनशिलेची तारीख तूर्त पुढे ढकलली आहे, रद्द केलेली नाही. काही बांधव नाराज आहेत आणि त्यांची नाराजी मी समजू शकतो. जिल्हाधिकारी कार्यालयाला अर्ज गेला आहे, त्याची पोच चिटणीसांकडे आहे. पावसाळा संपल्यावर, अश्विन पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी, आम्ही पुन्हा वाडीत जाणार आहोत. वरच्या माळावरची भेग मागच्या वर्षी विद्यार्थ्यांनी दोन खुंट्या ठोकून मोजली होती. खुंट्यांमधले अंतर आता किती झाले ते पाहायचे आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जाताना नाव नोंदवावे. सोबत मोजपट्टी, वही आणि चांगल्या चपला आणाव्यात, वर वाट निसरडी आहे.

जयभीम.